कुत्र्याचं कोरडं खाद्य: मराठवाड्याच्या उन्हापावसात ताजं आणि निर्धोक कसं ठेवायचं

"कोरडंच तर आहे, त्याला काय होतंय?" कुत्र्याच्या पिशवीतल्या खाद्याबद्दल आपल्याकडं सरसकट हाच समज. ज्वारी कोठीत वर्ष काढते, तूर काढते, मग हे दाणे का नाही काढणार? म्हणून २० किलोची गोणी येते, जिन्याखाली नाहीतर पत्र्याच्या खोलीत उभी राहते, तोंडाला सुतळी आवळली जाते आणि एप्रिलात फोडलेली गोणी पोळ्यापर्यंत चालते. मधे कुत्रं खायला कंटाळलं की बोल कुत्र्याला: "लाडावलंय, आता त्याला चिकनच पाहिजे."

हे दाणे धान्यासारखे दिसतात आणि बिघडतात मात्र फरसाणासारखे. कारखान्यात मका, तांदूळ किंवा गव्हाचं पीठ, मांसाची वाळवलेली पूड, जीवनसत्त्वं वगैरे एकत्र करून वाफेवर आणि दाबाखाली शिजवतात, साच्यातून काढून कापतात, वाळवतात आणि शेवटी त्यावर चरबी किंवा तेलाचा आणि चवीचा लेप देतात. मूठभर दाणे हातात घेतले की बोटं तेलकट होतात ती या लेपामुळं. ओलावा साधारण १० टक्के किंवा त्याहून कमी ठेवलेला असतो, त्यामुळं बुरशी आणि जंतू वाढत नाहीत. वरची चरबी मात्र हवा, उष्णता आणि उजेड मिळाला की खवट होत जाते. आणि दाण्यांनी हवेतला ओलावा ओढला की बुरशी धरते. आपल्याकडं पहिली भीती होळीपासून मृगापर्यंत, दुसरी मृगापासून दिवाळीपर्यंत. थंडीचे तीन महिने निवांत असतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

दुकानात पिशवी घेताना

पाकिटबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. डॉग फूडच्या पिशवीवर तारीख आणि बॅच नंबर बहुधा पाठीमागं किंवा खालच्या शिवणीजवळ बारीक ठिपक्यांच्या शाईत असतात. ती शाई घासली की पुसते. पुसलेल्या तारखेची पिशवी घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

न फोडलेल्या पिशवीची मुदत कंपन्या साधारण १२ ते १८ महिन्यांची देतात. ती मुदत थंड, कोरड्या जागी ठेवलेल्या मालाची आहे, हे लक्षात ठेवून हिशोब करायचा. भिवंडीच्या किंवा पुण्याच्या गोदामातून निघालेली पिशवी ट्रान्सपोर्टच्या बंद ट्रकमधून येते, मग जालन्याच्या नाहीतर नांदेडच्या गोदामात थांबते, तिथून तालुक्याच्या दुकानात. मे महिन्यात हा सगळा प्रवास भट्टीतला असतो. म्हणून उन्हाळ्यात मुदत संपायला निदान सहा महिने तरी शिल्लक असलेली, आणि शक्यतो गेल्या तीन-चार महिन्यांत तयार झालेली पिशवी मागा. मुदतीच्या काठावर आली म्हणून सवलतीत निघालेला माल जानेवारीत घेतला तर एक वेळ चालेल, मे महिन्यात ती स्वस्ताई महागात पडते.

घटकांची यादी वाचत असाल तर खवटपणा रोखायला काय घातलंय तेही बघा. काहींमध्ये बीएचए, बीएचटी ही रासायनिक द्रव्यं असतात, काहींमध्ये टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वाची रूपं आणि रोझमेरीचा अर्क. 'नॅचरल' म्हणून विकलं जाणारं खाद्य दुसऱ्या प्रकारचं असतं आणि ते सहसा लवकर उतरतं. ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण असं खाद्य मोठ्या पिशवीत घेऊन पत्र्याखाली ठेवणं हा शुद्ध उधळेपणा आहे.

पिशवी कुठं ठेवलीय तेही बघा. दुकानाच्या दारात, फळीवर, थेट पश्चिमेच्या उन्हात रचलेल्या पिशव्या रंग उडाल्यावरूनच ओळखू येतात. त्या सोडून आतल्या मागा. शिवण उसवलेली, टेप लावलेली, खाली तेलाचा डाग पडलेली पिशवी नको. दाबल्यावर थोडी हवा निघते म्हणून मात्र घाबरू नका, काही पिशव्यांना मुद्दाम बारीक छिद्रं किंवा हवेची झडप ठेवलेली असते.

आता सुट्ट्या मालाबद्दल. तालुक्याच्या गावात हा संवाद रोज ऐकू येतो:

"भैय्या, दोन किलो सुट्टं द्या की."

"घ्या ना मामा, कालच फोडलीय गोणी."

काल फोडली असेलही. पण उघड्या गोणीत प्लास्टिकचा मग उभा, वर झाकण म्हणून वर्तमानपत्र, शेजारी पक्ष्यांच्या बाजरीचं पोतं आणि त्यातले भुंगे इकडून तिकडं फिरतायत. तुम्हाला मिळणाऱ्या पारदर्शक पिशवीवर ना तारीख, ना बॅच. उद्या कुत्रं आजारी पडलं तर नेमकं काय खाल्लं हे कुणालाच सांगता येणार नाही. दुकानदार खोटं बोलतो असं नव्हे, सुट्ट्या मालाचा हिशोब त्यालाही राहत नाही. पैशाची अडचण असेल तर कंपनीचीच सीलबंद लहान पिशवी घ्या, नाहीतर गल्लीतल्या दोघा-तिघा कुत्रेवाल्यांनी मिळून मोठी पिशवी फोडून त्याच दिवशी वाटून घ्या आणि प्रत्येकानं लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ऑनलाइन मागवलं तर माल आल्या आल्या तारीख बघायची. कुरिअरवाल्यानं दुपारभर गाडीत तापवलेली पिशवी घरात आणून गार झाल्यावरच फोडा, गरम पिशवी लगेच डब्यात कोंबू नका.

किती किलोची घ्यायची

खाद्य ताजं राहण्याचं निम्मं काम इथंच होतं आणि लोक नेमकं इथंच घसरतात, कारण मोठी पिशवी किलोमागं स्वस्त पडते.

फोडलेली पिशवी चार ते सहा आठवड्यांत संपली पाहिजे, हा सर्वसाधारण सल्ला. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात मार्च ते ऑक्टोबर चार आठवडे धरा, पत्र्याच्या घरात तीनच. आता उलटा हिशोब करा. पिशवीच्या पाठीवर कुत्र्याच्या वजनाप्रमाणं रोजचे ग्रॅम दिलेले असतात. पंधरा-सोळा किलोचं गावठी कुत्रं फक्त दाण्यावर असेल तर दिवसाला साधारण २०० ते २५० ग्रॅम खातं, म्हणजे महिन्याला सहा-सात किलो. लॅब्रॅडोर ३०० ते ३५० ग्रॅम खाईल, महिन्याला नऊ-दहा किलो. घरातला पग १२० ते १४० ग्रॅमवर भागतो, महिन्याला जेमतेम चार किलो. पगवाल्यानं १० किलोची पिशवी आणली की शेवटचे दाणे अडीच महिन्यांचे शिळे असतात.

पण आपल्याकडं फक्त दाण्यावर असलेलं कुत्रं विरळाच. सकाळी भाकरी-दूध, रात्री दाणे, असा बहुतेक घरांचा रिवाज. लातूरकडचे कारवान आणि पश्मी जातीचे कुत्रे तर पिढ्यान् पिढ्या भाकरी-दुधावर वाढलेले. असा मिश्र आहार असेल तर दाणे निम्मेच लागतात आणि पिशवी दुप्पट दिवस पुरते, ही गोष्ट पिशवी घेताना हिशोबात धरली जात नाही. गावठी कुत्र्याला अर्धी भाकरी चालू असेल तर तीन किलोची पिशवी पुरेशी आहे.

पिशवी फोडली की मार्करनं तिच्यावर तारीख टाका. 'फोडली: ५ मे' इतकंच. घरात चार माणसं खाऊ घालत असतील तर यानं सगळे वाद मिटतात.

घरात कुठं ठेवायची

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा सल्ला असा की कोरडं खाद्य ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं. परभणी-नांदेडच्या माणसानं हे वाचून हसावं की रडावं? मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो आणि कित्येक रात्री २७ च्याही खाली उतरत नाही. तेव्हा २७ चा हट्ट सोडा. घरातली सगळ्यात कमी तापणारी जागा शोधायची आणि जे तापमान सांभाळता येत नाही त्याची भरपाई दिवस कमी करून करायची. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. २५ अंशांच्या खोलीत महिनाभर चांगले राहणारे दाणे ४५ अंशांच्या पत्र्याखाली सात-आठ दिवसांतच तेवढे उतरू शकतात.

अशी जागा शोधायला साधी पद्धत आहे. दुपारी तीनच्या सुमारास घरभर फिरून भिंतींना हात लावा. पश्चिमेची भिंत, स्लॅबला लागून असलेला माळा, पत्र्याची खोली, गच्चीवरची खोली, फ्रीजच्या मागची जागा, गॅसच्या ओट्याखालचं कपाट हे सगळं तापलेलं लागेल. मधल्या खोलीची उत्तरेकडची आतली भिंत, जमिनीलगत, बहुतेक घरांत सगळ्यात गार असते. जुन्या दगडी वाड्यात राहत असाल तर देवघराशेजारची अंधारी कोठीची खोली याला उत्तम. डबा थेट फरशीवर न ठेवता पाटावर किंवा विटांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते, आणि त्या खोलीत उघडं राहिलेलं काहीही सादळतं. उन्हाळ्यातच दाणे मऊ पडले तर बहुतेक वेळा कारण कूलर असतं.

शेतातल्या आखाड्यावर राखणीचं कुत्रं असेल तर खाद्याचा साठा तिथं नकोच. पत्र्याच्या शेडमध्ये पंप, खताची पोती आणि फवारणीची औषधं यांच्याशेजारी कुत्र्याचं खाणं ठेवलेलं मी बघतो तेव्हा खवटपणाची चिंता दुय्यम वाटते. घरून दोन-तीन दिवसांचं घट्ट झाकणाच्या डब्यात न्या.

फ्रीजचं काय? फ्रीजमधल्या डब्यातले गार दाणे बाहेरच्या गरम हवेत उघडले की त्यांच्यावर दव धरतं, आणि रोज काढ-घाल केली तर ओलावा वाढतच जातो. त्यात लाइट गेली की फ्रीज तापतो, परत गार होतो. म्हणून रोजच्या वापराची पिशवी फ्रीजमध्ये नको. फारच मोठी पिशवी गळ्यात पडली असेल तर आठवड्या-आठवड्याच्या हवाबंद पुड्या करून ठेवता येतात. बाहेर काढलेली पुडी पूर्ण खोलीच्या तापमानावर येईपर्यंत बंदच ठेवायची आणि एकदा काढली की परत आत ठेवायची नाही.

डबा की पिशवी

दोन्ही. पिशवी डब्यात ठेवायची, दाणे डब्यात ओतायचे नाहीत.

कंपनीची पिशवी आतून थरांची असते, ती चरबी आणि ओलावा दोन्ही अडवते. दाणे थेट प्लास्टिकच्या डब्यात ओतले की त्यांचं तेल डब्याच्या भिंतीला बसतं, तिथं खवट होतं आणि पुढच्या महिन्याच्या ताज्या दाण्यांना तोच वास लावतं. शिवाय लेबल, तारीख, बॅच नंबर सगळं कचऱ्यात जातं. म्हणून पिशवीतली हवा हातानं दाबून काढा, तोंड दोन-तीन घड्या घालून चिमट्यानं बंद करा आणि अख्खी पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा लहान पत्र्याच्या कोठीत उभी करा. धान्याची जुनी कोठी यासाठी फार चांगली, उंदीर तिला कुरतडू शकत नाही. प्लास्टिकचा ड्रम वापरायचाच असेल तर खाण्याच्या वस्तूंचा घ्या, रंगाचा किंवा केमिकलचा धुतलेला ड्रम नको.

दर पिशवीनंतर डबा साबणानं घासा आणि पूर्ण कोरडा करा. उन्हात पालथा घालून मग अर्धा दिवस उताणा. कडेच्या खाचेत राहिलेलं पाणी पुढच्या पिशवीचा घात करतं. आणि तळाचा जुना चुरा नव्या दाण्यांत कधीही मिसळू नका. तो चुरा सगळ्यात तेलकट आणि सगळ्यात शिळा असतो, किडेही त्यातच असतात.

पावसाळा आणि बुरशी

ऑगस्टमध्ये दाणा दातानं नव्हे, बोटानं तपासा. ताजा दाणा दोन बोटांत दाबला तर कट्कन तुटतो. सादळलेला दबतो, वाकतो आणि मग तुटतो. असा माल दिसला की आपला हात आपोआप सुपाकडं जातो: पसरून उन्हात घालू, वाळेल. हे करू नका. उन्हात चरबी आणखी खवट होते, आणि बुरशीनं विष सोडलं असेल तर ते उन्हानं जात नाही. भाजूनही जात नाही.

ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस जातीच्या बुरशा ते तयार करतात, आणि मका, शेंगदाणा, सरकी ही त्यांची आवडती पिकं. पाण्यात भिजलेलं मक्याचं कणीस पोत्यात भरलं की काय होतं ते आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात याची मर्यादा २० पीपीबी आहे, म्हणजे अब्जातले वीस भाग. इतक्या कमी प्रमाणाला ना रंग असतो ना वास. डिसेंबर २०२० मध्ये तिथं एका कंपनीचं मक्याचा अंश असलेलं कोरडं खाद्य परत मागवलं गेलं, आणि पुढं शंभराहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूशी ते जोडलं गेलं. आपल्या देशातलं उदाहरण जुनं आहे आणि माणसांचं आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाऊन कावीळ आणि पोटात पाणी होऊन शंभरावर माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीही तशाच आजारानं मेली होती.

कारखान्यातून आलेलं विष घरी ओळखता येत नाही, हे मान्य करावं लागतं. तिथं बॅच नंबर जपणं एवढंच आपल्या हातात. घरात तयार होणारं विष मात्र पूर्ण आपल्या हातात आहे: दाणे कोरडे ठेवा, ओल्या हातानं काढू नका, पाऊस लागून भिजलेली पिशवी वापरू नका. सप्टेंबर २०२५ च्या पुरात बीड-धाराशिवकडं घराघरांत पाणी शिरलं. अशा पुराचं पाणी लागलेली पिशवी वरून वाळलेली, सीलबंद दिसली तरी टाकूनच द्यायची.

एक जुनी सवय इथंच बोलायला हवी. पांढरी-हिरवी बुरशी आलेली भाकरी, पाव, कुबट वासाचं पीठ 'माणसाला नको, कुत्र्याला घाला' म्हणून बाहेर जातं. कुत्र्याचं यकृत आपल्यापेक्षा दणकट असतं असं कुणी सांगितलं? अफ्लाटॉक्सिन कुत्र्यांना फार लवकर बाधतं, आणि बुरशीच्या पावातली दुसरी काही विषं थरथर आणि झटके आणतात. बुरशी दिसलेला भाग काढून उरलेला देणं हाही उपाय नाही.

किडे, मुंग्या, उंदीर आणि त्यांच्यावरची औषधं

दाण्यांत जाळी धरलेली दिसली, बारीक अळ्या किंवा तांबडे भुंगे दिसले तर पिशवी संपली असं समजा. भुंगे स्वतः विषारी नसतात, पण ते आले याचा अर्थ पिशवी उघडी होती किंवा माल जुना होता. डोळ्यांना न दिसणारे, साठवणीच्या मालात होणारे माइट नावाचे बारीक जीव काही कुत्र्यांना खाज आणतात. पावसाळ्यात कारण न कळता कुत्रं खाजवत असेल तर डॉक्टरांना पिशवीबद्दलही सांगा.

खरी भीती किड्यांपेक्षा आपल्या औषधांची. धान्याला घालतात त्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि तो माणसाला आणि कुत्र्याला सारखाच मारतो. ही गोळी, पारद टिकडी किंवा बोरिक पावडर कुत्र्याच्या खाद्यात घालायची नाही, आणि गोळ्या घातलेल्या धान्याच्या खोलीत खाद्य ठेवायचंही नाही. बंद पिशवीत, घट्ट डब्यात औषधाची गरजच पडत नाही. कडुलिंबाचा पाला डब्याच्या बाहेर ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर झाकण सैल ठेवू नका.

मुंग्यांना खडू ओढू नका, कुत्रं जमीन चाटतं. परातीत पाणी घालून मधे कुत्र्याचं भांडं ठेवा, हा आजीचा उपाय अजूनही सगळ्यांत चांगला. उंदरानं कुरतडलेली पिशवी, भोक लहान असलं तरी, वापरू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) आजार पसरतो. आणि उंदीर मारायच्या विषारी वड्या त्याच खोलीत ठेवल्या असतील तर उंदीर त्या ओढत कुठं नेऊन टाकेल याचा नेम नाही.

वास घेऊन पाहायचं, पण रीतीनं

पिशवी फोडल्या दिवशी एकदा वास घेऊन ठेवा, तोच पुढचा मापदंड. थंड दाण्यांचा वास फसवतो. म्हणून आठवड्यातून एकदा आठ-दहा दाणे स्टीलच्या वाटीत घ्या, बुडतील इतकं कडक पाणी ओता, ताटली झाका. तीन-चार मिनिटांनी झाकण थोडं कलतं करून वास घ्या. ताज्या मालाला मटणाच्या सुपासारखा किंवा भाजलेल्या पिठासारखा वास येतो. उतरलेल्या मालाला तळणीच्या जुन्या तेलाचा, जवसाच्या तेलाचा किंवा ऑइलपेंटचा, घशात बसणारा उग्र वास येतो. एकदा तो ओळखला की विसरत नाही. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास बुरशीचा. पिशवीत आधीच बुरशी दिसत असेल तर नाक जवळ नेऊ नका.

दिसण्यातली खूण एकच लक्षात ठेवा. थंडीत दाण्यांवर कधी पांढरट मेणासारखा थर दिसतो, ती गोठलेली चरबी असते आणि बोटानं घासली की तेलकट होते. बुरशी लोकरी असते, दाणे एकमेकांना चिकटवते आणि घासली की भुकटी उडते. शंका असेल तर देऊ नका.

आणि कुत्र्याचं ऐका. कालपर्यंत ताटलीवर तुटून पडणारं कुत्रं आज हुंगून मागं सरलं, आणि भाकरी दिली की खातंय, तर आधी पिशवी तपासा. खवट दाण्यांवर रस्सा ओतून खाऊ घालण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्यानं वास झाकला जातो, बिघाड नाही. शिवाय रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, तो वेगळाच धोका.

भांडं, हात आणि घरातली लेकरं

कोरड्या दाण्यांतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जिवंत राहू शकतो. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात कोरड्या डॉग फूडमधून आलेल्या साल्मोनेलानं ७० हून अधिक माणसं आजारी पडली, आणि त्यांत दोन वर्षांखालच्या बाळांचं प्रमाण मोठं होतं. कुत्र्याला स्वयंपाकघरात खाऊ घालणाऱ्या घरांत बाळ आजारी पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडं रांगतं लेकरू कुत्र्याच्या ताटलीतला दाणा उचलून तोंडात घालतं आणि आपण हसून व्हिडिओ काढतो. ते थांबवा.

कुत्र्याचं भांडं स्टीलचं, रोज साबणानं धुतलेलं, आणि घरच्या भांड्यांच्या घासणीपासून त्याची घासणी वेगळी. दाणे काढायला वेगळी कोरडी वाटी. कुत्र्याचं चाटलेलं भांडंच पिशवीत खुपसू नका. काढून झालं की साबणानं हात.

कोरडे दाणे सकाळी घातले आणि संध्याकाळपर्यंत राहिले तर हरकत नाही, रात्री मात्र उरलेले टाकायचे, पिशवीत परत नाहीत. दूध, ताक, वरण किंवा पाणी घालून भिजवलेले दाणे उन्हाळ्यात तासाभरात उचलायचे. पिल्लांना भिजवून देता तेव्हा हे जास्त पाळा, त्यांना हगवण लागली की पाणी झपाट्यानं कमी होतं.

काही बिघडलंच तर

खाद्य बदलल्यानं एखादा दिवस पातळ होणं वेगळं. पण कुत्रं सुस्त पडलंय, खात नाही, उलट्या करतंय, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, लघवी गडद होतेय, उलटीत किंवा शौचात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर हळद-दूध, तूप, एरंडेल यांत वेळ घालवू नका. ते खाद्य त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टर गाठा. पिशवीचा फोटो आणि फोडल्याची तारीख सोबत न्या. 'काय खातं?' या प्रश्नाला 'दाणे' एवढं उत्तर पुरत नाही. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्या लागतील का, हे विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही ते तिथं होऊ शकतं.

पिशवी रागानं फेकून देऊ नका. अर्धा किलो दाणे मूळ लेबलसह हवाबंद पिशवीत घालून, 'खायचे नाहीत' असं मोठ्या अक्षरात लिहून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा थंड जागी ठेवा. बिल ठेवा. पिशवीवरच्या ग्राहक क्रमांकावर बॅच नंबर सांगून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानदारालाही सांगा, म्हणजे त्याच बॅचच्या उरलेल्या पिशव्या तो बाजूला काढेल.

उरलेला बिघडलेला माल उकिरड्यावर टाकला तर गल्लीतली कुत्री, कोंबड्या, एखादी मोकाट गाय तो खाणारच. परसात हातभर खोल खड्डा करा, दाणे ओता, वर बादलीभर पाणी आणि शेण-माती घालून बुजवा. जागा नसेल तर फिनेल ओतून, दुहेरी पिशवीत गाठ मारून घंटागाडीवाल्याच्या हातात द्या, आणि त्यात काय आहे ते त्याला सांगा.